काळ्या दगडाची तांबडी माती

मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर कुडाच्या भिंती अजून दिसतात. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा चढवायचा. तो वाळला की त्यावर गेरूचा किंवा बारीक चाळलेल्या लाल मातीचा हात फिरतो. लग्नघर असेल तर त्या तांबड्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिला जातो. या पांढऱ्या रेघांनी वारली चित्रकला जगभर नेली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. रेघांच्या मागच्या तांबड्याकडे मात्र आपण नुसती पार्श्वभूमी म्हणून पाहतो. मला त्या तांबड्याचा माग काढायचा आहे, कारण तो निघाला की या डोंगराळ मुलखाचं पाणी, शेती आणि दिवाळीनंतर ओस पडणारी घरं, सगळं एकाच ओळीत येतं.

सूर्यमाळ हे मोखाड्यातलं उंचावरचं गाव. खोडाळ्याजवळ, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास. थंडीत इथं धुकं उतरतं, आणि चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आजूबाजूच्या पाड्यांवर वारली, ठाकूर, कातकरी, कोकणा, महादेव कोळी अशी वस्ती. तालुक्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी. माळावर पायाखाली तांबडी माती लागते, ओढ्यात उतरलं की काळा कातळ. दोन रंगांमधलं उभं अंतर कित्येक ठिकाणी पुरुषभरसुद्धा भरत नाही. पण ती माती त्या कातळाचीच आहे.

घाटरस्ता कापलेला असेल तिथं हे उघडं वाचता येतं. वाचावं खालून वर. तळाला अखंड काळा बेसाल्ट, हातोड्यानं खणखणणारा. त्याला लाव्हा थिजताना पडलेल्या भेगा आहेत. या भेगांनी पाणी आत शिरतं आणि दगडाच्या प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी कुरतडतं. कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी मार बसत असल्यानं कोपरे आधी जातात, तुकडे गोल होतात आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागतात. हाताएवढ्या गोट्याचे एकात एक दहा-बारा पापुद्रे निघतात आणि मध्ये काळा, ताजा दगड शिल्लक सापडतो. त्याच्या वर मुरूम: दगडाची ठेवण तशीच, भेगासुद्धा जागच्या जागी, पण बोटानं चुरावं इतकं सगळं कुजलेलं. मुरमात पांढरे ठिपके दिसले तर ते फेल्डस्पारचे स्फटिक चिकणमातीत रूपांतरित झालेले असतात. आणि सर्वांत वर माती, कुठं हातभर, कुठं वीतभर, उतारावर चार बोटं.

दगडाची माती ऊन करतं की पाणी करतं, यावर शास्त्रज्ञांचा बराच काळ वाद होता. वाळवंटात दिवसा दगड तापतो, रात्री गार पडतो; या ताणानंच तो फुटत असणार, असं पुष्कळांना वाटे. अमेरिकेतल्या डेव्हिड ग्रिग्ज यांनी १९३६ साली ते तपासलं. ग्रॅनाइटचा गुळगुळीत केलेला तुकडा त्यांनी पुन्हा पुन्हा तापवला आणि कोरड्या हवेनं गार केला, ८९,४०० वेळा. रोजचं एक ऊन धरलं तर ही २४४ वर्षं झाली. तुकड्यावर काही फरक दिसला नाही. मग गार करण्यासाठी त्यांनी पाण्याचा फवारा वापरला, आणि अडीच वर्षांच्या उन्हाइतक्या फेऱ्यांतच तुकड्याची झिलई गेली, तडे दिसू लागले. पुढच्या संशोधनानं उन्हाचाही वाटा मान्य केला आहे, पण मुख्य धडा टिकून राहिला: अगदी कोरड्या मुलखातसुद्धा दगड मोडण्याचं बरंचसं काम थोडंफार असलेलं पाणीच करतं.

ग्रॅनाइटचं उदाहरण आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा असला तरी नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे लाव्ह्याचं आवरण संपतं आणि त्याखालचा फार जुना ग्रॅनाइट उघडा होतो. पाणी कमी मिळालं की ग्रॅनाइटातला काळा अभ्रक आणि फेल्डस्पार थोडेसे फुगतात, कण एकमेकांपासून सुटतात आणि दगड जागच्या जागी भरड वाळू होतो. फेल्डस्पारची सावकाश चिकणमाती होते, पण क्वार्ट्झ तसाच राहतो. त्याला पाणी फारसं काही करू शकत नाही. बिलोलीकडच्या मांजरा नदीच्या रेतीला बांधकामात एवढी मागणी आहे ती या क्वार्ट्झमुळे. १९३८ साली सॅम्युएल गोल्डिच यांनी कोणतं खनिज आधी मोडतं आणि कोणतं शेवटी याची क्रमवारी मांडली. तिच्या एका टोकाला क्वार्ट्झ आहे, सर्वांत चिवट. दुसऱ्या टोकाला ऑलिव्हीन, पायरॉक्सीन आणि चुनायुक्त फेल्डस्पार आहेत, लवकर मोडणारे.

सूर्यमाळचा दगड जवळजवळ सगळा या दुसऱ्या टोकाचा. त्याच्या घडणीत क्वार्ट्झ नाहीच म्हटलं तरी चालेल. त्यामुळे तो मोडला की वाळू फार उरत नाही. उरते ती चिकणमाती आणि लोह. शेतात नांगराला पांढऱ्या गारगोट्या लागतात, त्या मूळ दगडाच्या नव्हेत. लाव्हा थिजल्यावर वायूच्या बुडबुड्यांच्या ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत नंतर पाण्यानं सिलिका आणून भरली. भोवतालचा दगड माती झाला तरी ती भर टिकून राहिली.

आता या दगडाच्या जन्माकडे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. १९८० च्या दशकात भूशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या थरांच्या रासायनिक घडणीवरून त्यांची क्रमवारी लावली आणि प्रत्येक गटाला जवळच्या गावाचं नाव दिलं. वरच्या थरांत महाबळेश्वर. खाली येत जावं तसे खंडाळा, भीमाशंकर, ठाकूरवाडी, नेरळ, इगतपुरी. आणि सर्वांत तळाशी जव्हार. जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत या छोट्या संस्थानी गावाचं नाव अशा रीतीनं सह्याद्रीच्या पायाला कायमचं लागलं आहे. कसारा घाटाच्या, म्हणजेच थळ घाटाच्या, बाजूला याच तळच्या थरांत फेल्डस्पारचे दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे स्फटिक उघड्या डोळ्यांना दिसतात. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे गेली तेव्हा हे थर मोठ्या प्रमाणावर कापले गेले.

मातीच्या दृष्टीनं मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती थरांमधल्या तांबड्या पट्ट्यांची. दोन काळ्या थरांच्या मध्ये घाटात मधूनच वीतभर किंवा हातभर जाडीची विटकरी रेघ जाते. एक लाव्हा थिजला, त्यानंतर पुढचा येईपर्यंत मधे काळ गेला. त्या काळात वरचा पृष्ठभाग पाऊस-वाऱ्यात कुजला, कुठं ज्वालामुखीची राखही पडली, तिची चिकणमाती झाली. मग नवा लाव्हा येऊन त्यानं ती माती भाजली आणि झाकून टाकली. म्हणजे सह्याद्रीचा डोंगर पुरता उभा राहण्याआधीच त्याची झीज सुरू झाली होती. डोंगर चढत असताना माती तयार होत होती आणि गाडली जात होती. पाड्यावरच्या भिंतीच्या तांबड्याचे सर्वांत जुने पूर्वज हे पट्टे, आणि तेही भाजून लाल झालेले.

काळ्याचं तांबडं होतं कसं, ते पाहू. पावसाचं पाणी हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं. मातीत झाडांची मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, तिथं त्याहून कितीतरी जास्त मिळतो. असं सौम्य आम्ल झालेलं पाणी पायरॉक्सीन आणि फेल्डस्पार फोडतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम विरघळून निघून जातात, सिलिकाही काही प्रमाणात जाते. अॅल्युमिनियम सहसा जात नाही. ते उरलेल्या सिलिकेशी जुळून चिकणमातीची खनिजं बनवतं. लोहही जात नाही. काळ्या दगडात ते एका रूपात बंद असतं. हवा आणि पाणी लागताच त्याचं ऑक्सिडीकरण होऊन पिवळं-तपकिरी गोएथाइट किंवा तांबडं हेमॅटाइट होतं. त्याचा अतिसूक्ष्म लेप मातीच्या प्रत्येक कणावर बसतो. कणभर हेमॅटाइट पुष्कळ माती रंगवून टाकतं.

या सगळ्या व्यवहारात हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरला जातो आणि बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्रात जातो. बेसाल्ट हे काम ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी पट वेगानं करतो. पृथ्वीवरच्या उघड्या जमिनीत बेसाल्टचा वाटा लहान, पण सिलिकेट खडकांच्या झिजेतून हवेतला जो कार्बन खेचला जातो त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा तो खेचतो असा अंदाज आहे. आज काही ठिकाणी हवामानबदलावर उपाय म्हणून बेसाल्टचा भुगा करून शेतात पसरतात. सह्याद्रीचे उतार हे काम कोट्यवधी वर्षं करत आले आहेत.

पण हाच दगड सगळीकडे तांबडा होत नाही. सूर्यमाळहून घाट चढून इगतपुरीला गेलं की पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे असतो, आणि तिथून पूर्वेला सिन्नरला तो पाच-सहाशेवर येतो. दगड तोच. पण कमी पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दूर जात नाहीत, सिलिकाही भोवतीच राहते, आणि त्यातून स्मेक्टाइट नावाची चिकणमाती बनते. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. हीच देशावरची काळी. तिच्या पोटात चुनखडीचे खडे सापडतात, न वाहून गेलेल्या कॅल्शियमचे. उलट भरपूर पाण्यात धुपून-निथळून केओलिनाइट आणि लोह उरतं, आणि हा प्रवास पूर्ण तडीला गेला तर महाबळेश्वर, माथेरान, रत्नागिरीचा जांभा होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात पाहिलेला जांभा १८०७ च्या ग्रंथात नोंदवला आणि तिथून तो जगाच्या शास्त्रात गेला. सूर्यमाळची माती या वाटेवर मधे कुठंतरी आहे.

इतक्या पावसात ती आणखी निकस का झाली नाही, याचं एक उत्तर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दिलं. पश्चिम घाटात एकाच बेसाल्टवर, एकाच पावसात, उंचवट्यावर तांबडी आणि लगतच्या खोलगटात काळी अशा दोन्ही माती शेजारीशेजारी कशा, हे ते शोधत होते. त्यांना दगडातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत भरलेल्या झिओलाइट खनिजांचं महत्त्व दिसलं. झिओलाइट सावकाश मोडतं आणि मोडताना कॅल्शियम देत राहतं. पाऊस जे नेतो त्यातलं थोडं ते परत घालतं. मोखाड्यातला शेतकरीही उतारावरच्या वरकस जमिनीला वेगळं वागवतो आणि खालच्या खाचराला वेगळं. एकीवर नागली-वरई, दुसऱ्यात भात.

आता पाण्याकडे. अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात. मोखाड्याच्या सीमेवरून आणि पोटातून वैतरणा वाहते. तिच्यावर १९५७ साली पुरं झालेलं मोडकसागर, १९७३ चं अप्पर वैतरणा आणि कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा अशी धरणं आहेत, आणि त्यांचं पाणी मुंबई पिते. पण नदी दरीत आणि गावं माळावर. माळावर पाणी साठवण्याची जागा एकच, ती म्हणजे दगड आणि माती यांच्या मधला कुजका थर, मुरूम. अखंड बेसाल्टात पाणी फारसं मावत नाही. मावतं ते भेगांत आणि मुरमात. जिथं मुरूम जाड तिथली विहीर होळीपर्यंत टिकते. उतारावर मुरूम पातळ, त्यामुळे पाऊस थांबल्यावर काही महिन्यांत पाणी कडेच्या झऱ्यांवाटे निघून जातं. म्हणून इथल्या मातीची धूप हा फक्त शेतीचा प्रश्न नाही. वरचा थर गेला की पिण्याचं पाणी साठवणारा थरच उघडा पडतो आणि तोही वाहू लागतो. टँकरची मागणी दरवर्षी कागदावर येते, मुरमाची जाडी मात्र कुणी मोजताना दिसत नाही, आणि मला ही उपेक्षा फार गंभीर वाटते.

या पातळ मातीवर माणसानं शेती कशी टिकवली, हा तिच्या इतिहासाचा स्वतंत्र भाग. उतारावर पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी किंवा उडीद, आणि त्यानंतर जमीन काही वर्षं पडीक. पडीक काळात झुडपं वाढायची, मुळं मातीला धरायची. रोपं करण्यासाठी राब भाजायचा: फांद्या, पालापाचोळा, शेण आणि वर थोडी माती यांचा थर रचून उन्हाळ्यात जाळायचा. ब्रिटिश वन खात्याला राब म्हणजे जंगलाची नासाडी वाटली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून एवढा असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. कृषितज्ज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ साली राबावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला आणि राखेबरोबरच भाजण्याच्या उष्णतेनं मातीत काय बदल होतो हे प्रयोगानं तपासलं. अडाणीपणा म्हणून हिणवलेल्या रीतीला त्यांनी शास्त्राचा विषय म्हणून आदरानं हाताळलं, याबद्दल मला त्या तिघांविषयी कृतज्ञता वाटते. राबाची जागा भाजल्यावर आधीपेक्षा लाल दिसते. अडीचशे-तीनशे अंशांना गोएथाइट आपलं पाणी सोडतं आणि हेमॅटाइट होतं. लाव्ह्यानं तांबड्या पट्ट्यांचं जे केलं तेच इथं वैशाखात चार बोटं खोलीवर होतं.

जमीन मोजण्याची एक दंतकथा या मुलखात आहे, ती मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्येही आली आहे. थळ घाटाजवळ मुकण्याला गढी असलेल्या पाऊपेरा नावाच्या कोळी पुरुषानं जव्हारच्या वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली, आणि होकार मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यानं मोठा प्रदेश वेढला. त्याच्या मुकणे घराण्याला १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून मान्यता मिळाली, आणि त्यांचं जव्हार संस्थान स्वातंत्र्यापर्यंत टिकलं. कथेतल्या कातड्यानं लांबी-रुंदी मोजली. पुढच्या सगळ्या सत्तांनीही जमीन एकर-गुंठ्यांतच मोजली. डोंगरात जमिनीची खरी किंमत खोलीत असते, आणि खोली कुठल्याच सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. मुंबईच्या चुलींसाठी ठाण्याच्या जंगलांतून कोळसा गेला, त्या भट्ट्यांवर कातकऱ्यांनी काम केलं. लोकसंख्या वाढली, जमिनीचे तुकडे झाले, पडीक ठेवण्याची वर्षं कमी झाली. सातबारा तोच राहिला आणि माती निघून गेली.

ती कुठं गेली? जून-जुलैच्या पहिल्या मोठ्या सरींना नागलीचे उतार उघडे असतात. पावसाचा थेंब जोरानं आपटतो, मातीचे कण सुटे करतो, आणि ओघळ तांबडे होऊन ओढ्याला मिळतात. मोखाड्याच्या उत्तर भागाचं पाणी वाघ नदीतून दमणगंगेला, दक्षिणेकडचं वैतरणेला. भरड भाग धरणाच्या तोंडाशी बसतो. चिकणमातीचा कण मात्र दोन मायक्रॉनहून लहान. स्थिर पाण्यात तो दिवसाकाठी फूटभरच खाली जातो. कोचाळ्याचं धरण शंभर मीटरहून उंच आहे. एवढ्या खोल पाण्यात असा कण तळाला पोचायला वर्ष लागेल, आणि तेवढं स्थिर पाणी धरणात कधीच नसतं. तो मुंबईच्या दिशेनं जलवाहिनीत शिरतो. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात तुरटीच्या जातीची रसायनं घालतात, ती याच कणांसाठी. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. अॅल्युमिनियमचे क्षार तो भार मोडतात, कण गोळा होतात आणि बसतात. पावसाळ्यात मुंबईकर नळाचं पाणी गढूळ आल्याची तक्रार करतो. त्या गढूळपणात कुणाचं तरी खाचर असतं, एवढं त्यानं ध्यानात घ्यावं.

धरणांतून सुटलेला आणि धरणं नव्हती त्या हजारो वर्षांत गेलेला गाळ खाली सपाटीवर पसरला. वाडा, वसई, भिवंडी, कल्याणची भातजमीन वैतरणा, तानसा आणि उल्हास यांच्या गाळाची. खाडीत खारं पाणी लागताच उरलेले कण आपोआप एकत्र येतात आणि तळाशी बसतात. खाजणं, मिठागरं, तिवरांचा चिखल त्यातून झाला. फेल्डस्पारमधून सुटलेलं कॅल्शियम तिसऱ्या आणि कालवांच्या शिंपल्यांत शिरलं, आणि कोकणात ते शिंपले भाजून पिढ्यान् पिढ्या चुना केला गेला. त्याहून पुढे, २०१५ साली आंतरराष्ट्रीय सागरी उत्खनन मोहिमेनं अरबी समुद्राच्या लक्ष्मी खोऱ्यात खोल छिद्रं घेतली. तिथला बहुतेक गाळ सिंधूनं आणलेला, पण स्मेक्टाइटचं प्रमाण वाढलेले थर दख्खनच्या काळ्या दगडाकडे बोट दाखवतात.

सपाटीवरच्या त्या मातीच्या विटा होतात, आणि इथं हा माग पुन्हा सूर्यमाळच्या माणसांशी येऊन मिळतो. भात-नागलीची कापणी झाली, दिवाळी झाली की मोखाडा आणि जव्हारच्या पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वाडा, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, बहुतेकदा पावसाळ्यात, घरात धान्य नसताना. कधी ती लग्नासाठी घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याला खावटी मिळते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. पहाटे गारा कालवायचा, नवऱ्यानं साच्यात घालायचा, बायकोनं आणि मुलांनी विटा उचलून वाळत मांडायच्या. या मुलांसाठी वसई-भिवंडीकडे कार्यकर्त्यांनी भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची कच्च्या विटांची, गवताच्या छपराची झोपडी. शासनाकडे अशा कुटुंबांचं स्थलांतर रोखण्याच्या योजना आहेत, पण अजूनही डिसेंबरमध्ये कित्येक पाड्यांवर म्हातारी माणसंच भेटतात.

डोंगरावर माती राहिली नाही म्हणून माणसं खाली गेली, आणि खाली त्यांच्या हाताला लागली ती त्या डोंगरांवरून आलेली माती. हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. वैतरणेच्या खोऱ्यातल्या भट्टीवरच्या गाऱ्यात वैतरणेच्या उतारांचा अंश असतोच. तो दुसरीकडून यायला वाट नाही. भट्टीत नऊशे-हजार अंशांवर चिकणमातीच्या खनिजांची रचना कायमची मोडते, सगळं लोह हेमॅटाइट होतं आणि वीट लाल निघते. राबात भाजलेली माती पुन्हा शेताला मिळते. वीट मात्र पाण्यात परत माती होत नाही. शेतीच्या हिशेबातून ती गेली. भिंतीवरच्या ज्या तांबड्यापासून सुरुवात केली, त्याच रंगाच्या पक्क्या भिंती मुंबईच्या वेशीवर उभ्या राहतात, आणि त्यांच्या विटा पाडणाऱ्याच्या घराला कूडच असतो.

उतारावर माती धरून ठेवण्याची रीत गूढ नाही आणि महागही नाही. बाएफ या मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला १९६७ साली उभारलेल्या संस्थेनं जव्हार-मोखाड्यात वाडीचा कार्यक्रम नेला: एका कुटुंबाच्या एकरभर वरकस जमिनीवर आंबा आणि काजूची कलमं, कडेला कुंपणाची झाडं, मधून समतल चर, आणि मधल्या पट्ट्यांत नेहमीची नागली. खड्डा मुरमात खणायचा आणि त्यात दुसरीकडची चांगली माती व शेणखत भरायचं, कारण कलमाला पहिली काही वर्षं तेवढीच माती मिळणार असते. रोजगार हमीतून हेच चर गावाच्या सगळ्या उतारांवर घेता येतात. महाराष्ट्रानं या हमीचा कायदा १९७७ सालीच केला, देशाच्या कितीतरी आधी. नोव्हेंबर ते मे हे भट्टीचे महिने, आणि चर खणण्याचेही महिने तेच. काम वेळेवर निघालं आणि मजुरी आठवड्याला हातात पडली तर उचल घेण्याचं कारण निम्मं कमी होईल, असं माझं मत आहे. मजुरी महिनोन् महिने अडकते तेव्हा मुकादमाची उचल जिंकते.

सलग समतल चराचं नेहमीचं माप साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल. समपातळीची रेघ आखून घेतात आणि खणलेली माती खालच्या अंगाला बांध म्हणून टाकतात, वरच्या अंगाला टाकली तर पहिल्याच पावसात ती चरात परत येते. पहिल्या वर्षी चरात मुरमाची भरड साचते, बांधावर गवत धरलं की पुढच्या वर्षांत बारीक, चिकट, गडद तांबडी माती थांबू लागते. चर भरला की ती उपसून कलमांच्या आळ्यात आणि नागलीच्या पट्ट्यात घालतात, थोडी घरच्या भिंतीसाठीही बाजूला काढतात.